रथक्षोभ

गेल्या ज्येष्ठात आमच्या आत्याला वाईहून पुण्यास नेण्याचा प्रसंग आला. आत्याचे वय ८१. कंबर आणि पाठ यांचे दुखणे नऊ वर्षांचे, म्हणजे एव्हाना ते घरातल्या एखाद्या मानकरी पाहुण्यासारखे होऊन बसलेले, ज्याची मर्जी सांभाळूनच बाकीच्यांनी आपापले बेत आखावयाचे. पाव तास खुर्चीत टेकली की मणक्यापासून डाव्या पोटरीपर्यंत कळ उतरे, आणि उताणे निजून गुडघ्यांखाली उशी घेतली म्हणजेच ती शमे. साध्या मोटारीत बसवून नेणे अशक्य, म्हणून एक खासगी रुग्णवाहिका ठरविली. जिवास धोका नव्हता, घटका मोजण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या डॉक्टरांनी तपासावयाचे, एवढेच काम होते. परंतु गाडी वाईच्या गंगापुरीतून बाहेर पडते न पडते तोच तरुण चालकाने सवयीने भोंगा सुरू केला, आणि आतून आत्याचा आवाज आला, "अरे बाळा, तो भोंगा बंद कर आधी. लोकांना वाटेल, मी गेलेच."

चालक हसला आणि त्याने भोंगा बंद केला. वेग मात्र तसाच राहिला. सुरूरच्या फाट्यापर्यंत आलेल्या प्रत्येक गतिरोधकाची नोंद आत्याच्या चेहऱ्यावर होत होती. ती ओरडली नाही. ओठ आत ओढून घेई, डोळे मिटी, आणि गाडी पुन्हा सपाट रस्त्याला लागली म्हणजे उघडी. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा तिने माझा हात धरला, तो पुणे येईपर्यंत सोडला नाही.

तिच्या उशाशी बसल्याबसल्या माझ्या मनात आले की आजाऱ्यांना वाहून नेण्याचा इतिहास आपण नेहमी निकडीचा इतिहास म्हणून लिहीत आलो. रणांगण, अपघात, अडलेली बाळंतीण, छातीत उठलेली कळ, अशा प्रसंगांभोवती तो रचला गेला, आणि म्हणून त्याचा नायक नेहमी वेग हाच ठरला. वस्तुतः ज्यांना दुसऱ्यांनी उचलून न्यावे लागते अशांत वृद्ध, अधू आणि जुनाट व्याधींनी जखडलेली माणसे सर्व काळी पुष्कळ असत आली आहेत. त्यांना लवकर पोचण्याची गरज नसते. त्यांना नीट पोचावयाचे असते. नीट पोचविणे ही एक विद्या आहे. ती आपल्या मुलखात एके काळी शेकडो लोकांच्या अंगी मुरलेली होती, आणि तिची हकीकत सांगण्याजोगी आहे.

ह्या विद्येची गरज प्राचीन वैद्यांनी ओळखली होती. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, अगदी अखेरच्या अध्यायात, पंचकर्माने शोधन झालेल्या परंतु अद्याप बळ न धरलेल्या रुग्णास महादोषकर अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. मोठ्याने बोलणे, अति चालणे, फार वेळ बसून राहणे, अजीर्ण, अहितकर भोजन, दिवसाची झोप आणि स्त्रीसंग ह्यांच्याच पंक्तीस तेथे ‘रथक्षोभ’ बसविलेला आहे. रथक्षोभ म्हणजे वाहनाचे हादरे. त्यांपासून होणाऱ्या उपद्रवांची यादीही ग्रंथकाराने दिली असून सांध्यांचे शैथिल्य, पोटातील क्षोभ इत्यादींबरोबर कटी आणि पृष्ठ ह्यांच्या वेदना तीत स्वच्छ नोंदविल्या आहेत. वैद्याकडे नेणारा रस्ताच कधी कधी व्याधी वाढवितो, हे आत्याला खंबाटकीपाशी उमगलेले सत्य असे पुष्कळ जुने आहे.

ह्या रथक्षोभावर आपल्या देशाने शोधलेला उतारा म्हणजे चाकच काढून टाकणे. पालखी, मेणा, डोली, नालकी ही सारी बिनचाकी वाहने होत. पालखीला वरून बाक दिलेली दांडी. मेणा हा चोहोबाजूंनी बंद, बहुधा स्त्रियांच्या प्रवासाचा. नालकी राजेलोकांच्या इतमामाची. आणि डोली सर्वांत गरीब, म्हणजे एका बांबूला टांगलेली लहानशी बाज किंवा नुसते जाड कापड. मराठी राज्यात पालखी हा सन्मान होता. ती ज्याला बहाल होई त्याला भोयांच्या व सरंजामाच्या खर्चाची नेमणूकही मिळे, आणि तिची नोंद दफ्तरात राही. परंतु मान-मरातबाचा भाग वजा केला तरी एक निखळ व्यवहार उरतो, तो असा की बैलगाडीत ज्या वाटेने निरोगी माणसाचीही हाडे खिळखिळी होत, तीच वाट पालखीत निजून, प्रसंगी झोपूनही, काटता येत असे. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत डाकेच्या पालख्या चालू झाल्या. टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे भोई उभे असत, पुढे मशालजी धावे, आणि आतला साहेब रात्रभर निजून पहाटे मुक्कामास उतरे.

हे साधत असे ते भोयांच्या चालीमुळे. चौघांनी शिपायांप्रमाणे एकदम पाऊल टाकले तर दांडी ठेक्यात वरखाली होऊ लागते आणि आतला माणूस झोपाळ्यावर घातल्यासारखा हेलकावतो. म्हणून भोयांची पावले आखूड, जमिनीलगत घसटणारी, आणि एकमेकांशी जाणूनबुजून चुकवलेली असत. गुडघा ताठ होऊ द्यावयाचा नाही, खांदा बदलावयाचा तो दांडी न हालवता, आणि पुढच्या भोयाने वाट वाचीत जावयाचे. मागच्यांना पालखीच्या आडोशाने पायांखालचे दिसत नसे, तेव्हा खड्डा, दगड, पाणी, चढ, काटा, जे जे समोर येई ते ते पुढचा भोई सुरावर हाळी देऊन सांगे आणि मागचे त्याच सुरात त्याला हुंकार देत. प्रवाशांना ते गाणे वाटे. खरे पाहता तो रस्त्याचा चालता-बोलता नकाशा होता. गंमत अशी की पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी ॲम्ब्युलन्स पथकांच्या कवायती ठरल्या, तेव्हा स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी पावले जुळवू नयेत, चढणीस रुग्णाचे डोके पुढे व उतरणीस पाय पुढे असावेत, असे जे नियम शिकविले गेले ते आमच्या भोयाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

मराठ्यांच्या इतिहासात ह्या वाहनाचे दोन प्रसंग असे आहेत की रुग्णवाहनाच्या दोन्ही तऱ्हा त्यांत दिसून याव्यात. पहिला सर्वश्रुत आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घायाळ झालेल्या अफझलखानाला भोयांनी पालखीत घातले आणि ते छावणीकडे पळू लागले. शिवरायांच्या पक्षातील संभाजी कावजीने त्यांच्या पायांवर वार केले आणि पालखी जमिनीवर आली. निकडीचे रुग्णवाहन किती परावलंबी असते, वाहून नेणाऱ्याच्या पायांत रुग्णाचा प्राण कसा असतो, हे ह्याहून कठोरपणे कोठे दिसणार?

दुसरा प्रसंग तितका प्रसिद्ध नाही, पण आमच्या विषयाला तोच अधिक जवळचा. इ. स. १७०० च्या ऑक्टोबरात औरंगजेबाचा तळ माणगंगेकाठी खवासपुरास पडला असता मध्यरात्री नदीला लोंढा आला. छावणीत कल्लोळ उठला. मराठे आत घुसले अशा समजुतीने बादशहा घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसविता आला नाही. पूर्वज तैमूर लंगडाच होता, तेव्हा हा वारसाच म्हणावयाचा, अशी दरबाऱ्यांनी त्याची समजूत घातली. लंगडेपण मात्र जन्माचे राहिले. पुढे १७०५ मध्ये वाकिनखेड्याचा वेढा आटोपल्यावर कृष्णेकाठी देवापूरच्या मुक्कामात त्याला असे दुखणे आले की सांध्यांच्या वेदनांनी शुद्ध हरपे. महिनोन्‌महिने ते लष्कर तेथेच पडून राहिले, आणि अखेर पावसाळा सरल्यावर वाहून नेण्याजोगे बळ येताच पालखीत घालून, लहान लहान मजला करीत, त्याला अहमदनगरास आणले. १७०६ च्या जानेवारीत तो तेथे पोचला. ८७ वर्षांचा, सांध्यांनी गांजलेला म्हातारा आणि त्याच्या वेदनेच्या मापाने चालणारे अवघे लष्कर! हिंदुस्थानच्या पातशाहाला जी चाल मिळाली, तीच आमच्या आत्याला सुरूरच्या रस्त्यावर हवी होती. पातशाही दुखण्यासाठी मात्र मुलूख थांबतो; रयतेच्या दुखण्यासाठी गतिरोधकावर गाडीही थांबत नाही.

रयतेच्या नशिबी पालखी नव्हतीच. गावातला म्हातारा आजारी पडला म्हणजे त्याला बाजेवर घालीत, बाजेला दोन वासे बांधीत, आणि भाऊबंद आळीपाळीने खांदा देत. अंतर मोठे असले तर छकड्यात कडब्याच्या पेंढ्या पसरून वर घोंगडी टाकीत आणि बैलांना माणसाच्या पावलाच्या वेगाने हाकीत. घाटात, कोकणात, सातपुड्यात, जेथे छकडाही चढत नाही तेथे, बांबूला चादर बांधून झोळी केली जाई. नंदुरबार-पालघरकडच्या काही पाड्यांवर ती अजूनही केली जाते आणि दर पावसाळ्यात तिची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येतात. ह्या वाहून नेण्याला एक मानसिक अडचणही होती. चौघांच्या खांद्यावरून जाणे ह्याचा आपल्या भाषेत एकच अर्थ आहे. म्हणून पुष्कळ म्हातारी माणसे बाजेवर चढण्याऐवजी घरातच कुढत पडणे पसंत करीत. आत्याचे भोंग्याविषयीचे वाक्य त्याच धास्तीची आधुनिक आवृत्ती होय.

येथे भोयाच्या बाजूने दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर हे चित्र खोटे होईल. ज्या चालीचे वर कौतुक केले ती कोणाच्या तरी खांद्यावरच्या घट्ट्यांतून आणि झिजलेल्या मणक्यांतून आलेली होती. धंदेवाईक भोयाला मजुरी तरी मिळे. परंतु अंमलदार दौऱ्यावर निघाला की त्याचे ओझे आणि अनेकदा त्याची डोलीही वेठीने धरलेल्या गावकऱ्यांच्या मानेवर बसे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी वेठीची चाल बंद करण्याचे हुकूम सोडले ही त्यांच्या कारभाराची एक मोठी कीर्ती मानली जाते, ती उगीच नव्हे. आतल्याची पाठ शाबूत राहावी म्हणून बाहेरच्याची मोडावी, असा हा सौदा होता, आणि तो चाकाने मोडून काढला ह्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. खेद आहे तो एवढाच की सौदा मोडताना त्यातली विद्याही फेकली गेली.

चाकाने रुग्णवाहनात प्रवेश केला तो रणांगणावरून. फ्रेंच क्रांतीनंतरच्या लढायांत दॉमिनिक लारे ह्या शस्त्रवैद्याने पाहिले की लष्करी दवाखाने सैन्याच्या बरेच मागे ठेवण्याचा दंडक असल्यामुळे जखमी शिपाई तासन्‌तास रणात तळमळत पडतात. घोड्यांच्या तोफखान्याची चपळाई पाहून १७९२ मध्ये त्याला ‘उडत्या ॲम्ब्युलन्स’ची कल्पना सुचली. ॲम्ब्युलन्स ह्या शब्दाचा मूळ अर्थ चालता दवाखाना. लारेने त्याला पंख दिले. परंतु त्याच्या गाड्यांचे वर्णन वाचताना मला विशेष वाटले ते त्यांच्या वेगाचे नव्हे. त्या गाड्यांना स्प्रिंगा होत्या, आत चामड्याने मढविलेली गादी होती, आणि वारा खेळण्यास झरोके होते. इजिप्तच्या वाळवंटात चाके रुतू लागली तेव्हा त्याने उंटांच्या दोन्ही कुशींना माणूस निजेल एवढ्या पेट्या बांधल्या, म्हणजे आमच्याकडच्या लष्करांना परिचित असलेल्या कजाव्याचाच तो एक प्रकार. वेगाच्या ह्या आद्य पुजाऱ्याला रथक्षोभाचा विसर पडला नव्हता, हे त्याच्या वारसदारांनी ध्यानात ठेवावयास हवे होते.

इंग्रजांच्या हिंदी फौजेत मात्र चाकांपेक्षा डोलीच दीर्घकाळ टिकली, कारण ह्या देशातील वाटा चाकांच्या नव्हत्या. पलटणीबरोबर डोल्या आणि प्रत्येक डोलीस सहा भोई, चार खांद्याला आणि दोन बदलीला, अशी सामान्यतः तरतूद असे. विलायतेत ह्या डोल्यांविषयीचे अज्ञान इतके होते की ‘डोल्यांनी’ जखमींना उचलून नेले ही बातमी ऐकून, डोली नावाची कोणी क्रूर रानटी जमात असावी अशा समजुतीने पार्लमेंटात एका वक्त्याने संताप व्यक्त केला, असा एक किस्सा सांगतात. तो खरा असो वा रचलेला असो, जखमींना वाचविणारे हात इतिहासात कसे बिननावाचे राहतात ह्याचे ते उत्तम उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गांधींनी उभारलेल्या हिंदी ॲम्ब्युलन्स पथकात सुमारे ११०० माणसे होती, त्यांतील बहुसंख्य गिरमिटिये मजूर. दिवसाला वीस-पंचवीस मैल ते जखमींची स्ट्रेचरे खांद्यावरून नेत. सन्मान नायकांच्या वाट्याला आले; खांदे ज्यांचे झिजले ते गिरमिटिये अनामिकच राहिले.

ह्याच सुमारास रुग्णवाहनाच्या चेहऱ्यावर, निदान आमच्या प्रांतात, एक काळी छाया पडली. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले, रँड ह्या अधिकाऱ्याच्या प्लेग-कमिटीचे गोरे सोल्जर घराघरांत शिरले, आणि संशयित रुग्णांना इस्पितळाकडे व त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावण्यांकडे नेण्यात येऊ लागले. उपाय सर्वस्वी निरर्थक होते असे नाही. परंतु ज्या रीतीने ते लादले गेले त्या रीतीने, उचलून नेणे म्हणजे हिरावून नेणे, हा अर्थ लोकांच्या मनात खोल रुतला. त्याच साथीत, सरकारी यंत्रणेच्या पलीकडे, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात पोचविले. मूल वाचले, सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच ऋतूत, माणसाला वाहून नेण्याच्या दोन टोकांच्या दोन तऱ्हा घडल्या, आणि त्यांतली एक सहासष्ट वर्षांच्या वृद्धेच्या पाठीवरून गेली.

निकडीच्या रुग्णाइतकाच निकड नसलेल्या रुग्णाचाही वाहनावर हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत ठळकपणे उमटले ते इंग्लंडात. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि गरजू रुग्णांसाठी रुग्णवाहिका पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. डायलिसिसला जाणारा, लकवा झालेला, पाठीने जखडलेला म्हातारा अशांच्या ठरावीक वेळेच्या फेऱ्या पुढे तिकडच्या सेवेचा नित्याचा भाग बनल्या, आणि कालांतराने त्यांचा कारभार तातडीच्या सेवेपासून वेगळा काढण्यात आला. आपल्याकडे ओघ उलट दिशेने आला. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, २०१४ मध्ये ती ९३७ गाड्यांनिशी महाराष्ट्रात आली, आणि तिने असंख्य प्राण वाचविले ह्यात शंका नाही. गर्भवती आणि तान्ह्या बालकांसाठी १०२ ची सोय आहे आणि तीत घरी परत पोचविण्याचाही अंतर्भाव आहे. परंतु जिला मरण येत नाही आणि बसवतही नाही, अशा ८१ वर्षांच्या बाईसाठी ह्या दोन क्रमांकांच्या मध्ये कोठे जागा नाही. ती जागा खासगी गाड्यांनी भरली. त्या गाड्या निकडीच्या साच्यातच घडलेल्या: तोच भोंगा, तोच तांबडा दिवा, आणि चालकाच्या पायाला जडलेली तीच घाई.

ह्या घाईला अपवाद म्हणून आमचे माथेरान मौजेचे आहे. तेथे मोटारींना बंदी, अपवाद मुख्यतः रुग्णवाहिकेचा. साऱ्या डोंगरावर माणूस पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून हिंडत असे, आणि मोटारीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला तर तो बहुधा आजाऱ्याचाच असे. लाल मातीच्या त्या रस्त्यांवरून ती गाडी जपून चालविण्यावाचून गत्यंतर नसते. सक्तीचे का होईना, ते सौजन्यच.

पुण्यात आत्याचे काम दोन दिवसांत आटोपले. पाठीत एक इंजेक्शन दिले, व्यायाम सांगितले, आणि दुखणे जाणार नाही, त्याच्याशी जमवून घ्यावे लागेल, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आत्या म्हणाली की ते ती नऊ वर्षे करीतच आहे. परतीला दुसरी गाडी मिळाली. चालक पन्नाशी उलटलेला, अबोल गृहस्थ. त्याने प्रथम गाडीतल्या गादीवर हात दाबून पाहिला, एक घडी घातलेली चादर कंबरेखाली सरकवली, पट्टे बांधले, आणि आत्याला विचारले, "आजी, कुठल्या कुशीला बरं वाटतं?" परतीची वाट बोगद्यातून नव्हती, खंबाटकीचा घाट चढावा लागणार होता. घाट लागण्यापूर्वीच त्याने वेग उतरविला, आणि मग एक आवाज येऊ लागला, आरशात पाहत, मान किंचित मागे वळवून दिलेला: "आजी, वळण आलं, डावीकडं." "आजी, रस्ता उकरलाय, दोन हिसके बसतील." "आजी, गतिरोधक." प्रत्येक हाकेसरशी आत्या कडेची दांडी धरी, श्वास रोखी, हादरा झेली आणि म्हणे, "हं."

सुरूरच्या फाट्याला वळल्यावर माझ्या ध्यानात आले की हा हुंकार मी कोठे तरी वाचलेला आहे. पुढचा भोई वाट सांगे आणि मागचे हुंकार देत, तो हा. फरक इतकाच की आता मागे दुसरे भोई नव्हते. हुंकार देत होती ती आत निजलेली म्हातारी, आणि तिच्या त्या हुंकाराने ओझ्यातला काही भाग तिने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता.

घरी पोचल्यावर चालकाला चहा दिला. पलंगावर नीट टेकवून झाल्यावर आत्याने त्याला जवळ बोलाविले. मला वाटले आशीर्वाद देणार. ती म्हणाली, "सांगून आलेला खड्डा निम्माच लागतो रे, बाळा. पुढच्या महिन्याला तूच ये."